आमची उतरती खोली

आमच्या बेडरूममध्ये पेन पडलं, की ते थेट खिडकीखाली शोधायचं! सदाशिव पेठेतला जुना वाडा, पहिला मजला. खाली सागवानी कडीपाट, त्यावर मातीचा थर आणि वर शहाबादी फरशी. आजीनं कपाटाच्या दोन पायांखाली ठोकळे सरकवून तिथेच संसार केला. मला मात्र चकाचक व्हिट्रिफाइड टाइल्स हव्या होत्या.

मिस्त्रींनी पाण्याची नळी धरून लेव्हल पाहिली. १२ फुटांत २ इंच उतार! "माल भरून लेव्हल काढू ताई, दोन दिवसांचं काम." मी खूश. नवरा पडला एक्सेलवाला. १० बाय १२ची खोली, सरासरी १ इंच माल, म्हणजे १० घनफूट... सुमारे ६०० किलो! टाइल्सचं वजन वेगळंच. नऊ माणसं कायमची बेडरूममध्ये उभी करायची म्हणा ना.

मग स्ट्रक्चरल इंजिनीअर आले. आमच्या फरशीकडे त्यांनी फारसं पाहिलंच नाही. खालच्या काकूंच्या स्वयंपाकघरात जाऊन ते छत बघत बसले. खिडकीकडच्या तुळईचं भिंतीतलं टोक स्क्रू ड्रायव्हरनं टोचलं, तर तो अर्धा आत! शेजारच्या मोरीचं पाणी वर्षानुवर्षं तिथे मुरत होतं. त्या तुळईवर मी ६०० किलो टाकायला निघाले होते, आणि खाली काकू पोळ्या लाटत होत्या.

दोन दिवसांचं काम पाच आठवडे चाललं. काकूंकडे टेकू लागले, गळती बंद झाली, कुजलेलं टोक कापून दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनल बसले. जॅक लावून सगळं वर उचलू या, असं मी सुचवलं. "भिंतींना तडे जातील, मॅडम," म्हणाले. फरशी आणि माती काढली, तेव्हा टनाहून जास्त ओझं उतरलं. मग तुळयांवर पाचरीसारख्या निमुळत्या कापलेल्या पट्ट्या, त्यावर १८ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय आणि वर लॅमिनेट.

यात एक गोष्ट कळली. लॅमिनेटला थोडा उतार चालतो, पण खड्डे-उंचवटे अजिबात नाही. खालचा फोम ते झाकत नाही, सांधे कुरकुरतात. म्हणून प्लायवर लांब पट्टी फिरवून जिथे फट दिसली, तिथे पुन्हा काम करून घेतलं.

आता पेन पडेल तिथेच राहतं. आजीनं कपाटाखालचे ठोकळे मात्र पुसून माळ्यावर ठेवलेत.