सुधारगृह म्हणजे दयेचे घर? अमेरिकेतल्या महिला तुरुंगांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेतल्या इंडियाना राज्याने १८६९ साली एक कायदा केला आणि त्यानुसार १८७३च्या ऑक्टोबरमध्ये राजधानी इंडियानापोलिसमध्ये स्त्रिया व मुलींसाठी वेगळे सुधारगृह सुरू झाले. १८७७ साली मॅसॅच्युसेट्समध्ये शेरबॉर्नचे सुधारगृह उघडले. न्यूयॉर्क राज्यात हडसन (१८८७), अल्बियन (१८९३) आणि बेडफर्ड हिल्स (१९०१) अशी रांगच लागली. पुरुषांच्या तुरुंगात कोपऱ्यात कोंडलेल्या स्त्रियांना स्वतंत्र जागा मिळाली आणि त्यांचा कारभार स्त्रियांच्या हाती आला. ही गोष्ट अनेक वर्षे दयाळू समाजसुधारणेची कहाणी म्हणून सांगितली गेली. त्या कहाणीत खरे बरेच आहे. पण ती लिहिली गेली ती अधीक्षिकांच्या अहवालांवरून आणि व्यवस्थापक मंडळांच्या इतिवृत्तांवरून. जिला आत ठेवले होते तिचे म्हणणे त्या कागदांत फारसे नाही. म्हणूनच या संस्थांविषयीच्या काही रूढ समजुती उरलेल्या दप्तराशी ताडून पाहायला हव्यात.

गैरसमज १: सुधारगृहे निघण्यापूर्वी तुरुंगात स्त्रिया नव्हत्याच, किंवा त्यांना सौम्यपणे वागवले जाई.

वस्तुस्थिती: स्त्रिया होत्या. संख्येने थोड्या होत्या आणि त्यामुळेच त्यांचे हाल अधिक होते. मूठभर बायकांसाठी वेगळी इमारत बांधायला किंवा स्त्री पहारेकरी नेमायला कुणी पैसे देत नसे. इंडियानातल्या स्त्री कैदी जेफरसनविलच्या पुरुषांच्या तुरुंगात असत. क्वेकर पंथाच्या रोडा कॉफिन आणि त्यांचे पती चार्ल्स कॉफिन यांनी १८६८च्या सुमारास राज्यातल्या तुरुंगांची पाहणी केली, तेव्हा पहारेकरी या स्त्रियांवर लैंगिक अत्याचार करतात, त्यांना चाबकाने मारतात, पुरुषांसमोर विवस्त्र आंघोळ करायला लावतात, असे त्यांना कळले. वेगळ्या तुरुंगाची मागणी या संतापातून पुढे आली. पुढे या संस्थांवर कितीही टीका केली, तरी त्यांच्या जन्मामागची ही निकड खोटी ठरत नाही.

गैरसमज २: इंडियानाचा तुरुंग हीच देशातली स्त्रियांना बंदिस्त ठेवणारी पहिली संस्था.

वस्तुस्थिती: सरकारने चालवलेला, पुरुषांच्या तुरुंगाशी कारभाराने न जोडलेला पहिला महिला तुरुंग, एवढ्या अर्थाने हे बरोबर आहे. पण न्यूयॉर्कमध्ये सिंग सिंग या पुरुषांच्या तुरुंगाच्या आवारात माउंट प्लेझंट हा स्त्रियांचा तुरुंग १८३९मध्येच सुरू झाला होता. तिथे १८४४ ते १८४८ या काळात मेट्रन असलेल्या एलायझा फार्नम यांनी वाचनाला आणि मोकळ्या बोलण्याला वाव दिला आणि त्यावरून मोठा वाद उठला.

याहून महत्त्वाची दुरुस्ती इंडियाना महिला तुरुंगातल्या कैदी स्त्रियांनीच केली. २०१०च्या दशकात तिथल्या शिक्षणवर्गात काही जणी आपल्याच तुरुंगाचा इतिहास शोधू लागल्या. जुन्या नोंदी चाळताना त्यांना एक गोष्ट खटकली. चोरीसाठी शिक्षा झालेल्या स्त्रिया होत्या, खुनासाठीही होत्या, पण वेश्याव्यवसायासाठी शिक्षा झालेली एकही नव्हती. मग त्या स्त्रिया गेल्या कुठे? या प्रश्नाचा माग काढत त्या कॅथलिक जोगिणींनी चालवलेल्या ‘हाउस ऑफ द गुड शेफर्ड’ या संस्थांपर्यंत पोचल्या. केंटकीतल्या लुइव्हिल शहरात अशी संस्था १८४३मध्ये आली होती आणि इंडियानापोलिसमध्येही एक होती. तिथे स्त्रियांना कोंडून त्यांच्याकडून धुलाईचे काम करून घेत. आयर्लंडमधली अशी धुलाईघरे जगाला ठाऊक आहेत. अमेरिकेतली विस्मरणात गेली होती. त्यांच्यापैकी मिशेल जोन्स आणि लोरी रेकॉर्ड यांनी २०१४मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात या संस्थांनाच देशातले स्त्रियांचे पहिले तुरुंग म्हटले. व्यावसायिक इतिहासकारांच्या नजरेतून सुटलेली ही गोष्ट तुरुंग आतून पाहिलेल्या स्त्रियांच्या ध्यानात आली, कारण नोंदवहीत कोण आहे याइतकेच कोण नाही, हेही त्यांनी पाहिले.

गैरसमज ३: सुधारगृहात गेलेली स्त्री म्हणजे गंभीर गुन्हेगार.

वस्तुस्थिती: हे संस्थेगणिक वेगळे होते. इंडियानात सुरुवातीला खरोखरच तुरुंगवासाची शिक्षा झालेल्या स्त्रिया होत्या. पण त्याच आवारात त्यांच्याहून कितीतरी अधिक मुलीही राहत आणि त्यांच्यापैकी अनेकींवर आरोप एवढाच की त्या ऐकत नाहीत, भटकतात, हाताबाहेर गेल्या आहेत. मुलींची संस्था १९०७मध्ये वेगळ्या जागी हलवली गेली. मॅसॅच्युसेट्स आणि न्यूयॉर्कच्या सुधारगृहांत दारूबाजी, भटकेपणा, रात्री रस्त्यावर फिरणे, ‘हट्टीपणा’, अनैतिक वागणूक अशा कारणांनी आणलेल्या स्त्रियांची गर्दी होती. यांपैकी बहुतेक वागणुकीसाठी पुरुषाला तुरुंगाचे दार पाहावे लागत नसे.

वंशावळ शोधणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. आपल्या पणजीचे नाव अशा नोंदवहीत सापडले, तर त्यावरून तिचा स्वभाव ठरवू नये. त्या काळच्या समाजाला तरुण बाईचे कोणते वागणे सहन होत नव्हते, एवढेच ती नोंद खात्रीने सांगते.

गैरसमज ४: सुधारणा हा हेतू असल्यामुळे शिक्षा कमी होती.

वस्तुस्थिती: अनेकींची शिक्षा त्यामुळेच लांबली. सुधारायला वेळ लागतो, म्हणून मुदत आधी ठरवायची नाही, असे हे तत्त्व होते. बेडफर्ड हिल्समध्ये १६ ते ३० वर्षांच्या स्त्रियांना किरकोळ अपराधासाठीही ३ वर्षांपर्यंत ठेवता येई. तशाच अपराधात एरवी दंड किंवा थोड्या दिवसांची कैद होत असे. सुटकेनंतरही पॅरोलवर देखरेख चाले. कामाच्या घरच्या मालकिणीशी पटले नाही, रात्री उशिरा घरी आली, नको त्या माणसासोबत दिसली, एवढ्यावरून तिला पुन्हा आत आणता येई.

गैरसमज ५: तिथे शिक्षण मिळून स्त्रिया स्वावलंबी होत.

वस्तुस्थिती: वाचन-लेखनाचे वर्ग होते आणि काहींना त्याचा उपयोगही झाला. शेरबॉर्नमध्ये आईला तान्हे मूल जवळ ठेवता येई, ही त्या काळी मोठी गोष्ट होती. बेडफर्डच्या पहिल्या अधीक्षिका कॅथरीन बेमेंट डेव्हिस यांनी उघड्या हवेतल्या कामावर आणि मनोरंजनावर भर दिला. तरीही दिवसाचा मोठा भाग धुणे, शिवण, स्वयंपाक आणि फरशा पुसण्यात जाई. यातून घडवायची होती ती चांगली मोलकरीण. सुटल्यावर बहुतेकींना कुणाच्या तरी घरी घरकामालाच पाठवत. कारखान्यातल्या नोकरीत अधिक पैसे आणि संध्याकाळ आपली असे, म्हणून अनेकींना तेच हवे होते. पण मध्यमवर्गीय घराचे छप्पर म्हणजे नीतीचे रक्षण, अशी व्यवस्थापकांची ठाम समजूत होती.

गैरसमज ६: कारभार स्त्रियांच्या हाती असल्यामुळे क्रौर्य संपले.

वस्तुस्थिती: पुरुष पहारेकऱ्यांचा जाच थांबला, हे मान्य केलेच पाहिजे. १८७७मध्ये इंडियानाच्या तुरुंगाचे संपूर्ण व्यवस्थापक मंडळ स्त्रियांचे झाले. असे देशात पूर्वी घडले नव्हते. पण १८८१मध्ये राज्याच्या विधिमंडळाला याच तुरुंगाची चौकशी करावी लागली. पहिल्या अधीक्षिका सारा स्मिथ यांच्या कारकिर्दीत मारहाण आणि थंड पाण्याच्या शिक्षा होत असल्याच्या तक्रारी त्या चौकशीपुढे आल्या. जवळजवळ चाळीस वर्षांनी आदर्श म्हणून नावाजलेल्या बेडफर्डचेही तेच झाले. १९१९-२०च्या सरकारी चौकशीत स्त्रियांना हातकड्या घालून कोठडीच्या गजांना टांगल्यासारखे बांधून ठेवल्याच्या साक्षी झाल्या. कैदी स्त्रियांनी भांडी-खिडक्या बडवून, आरडाओरडा करून याचा निषेध केला. वर्तमानपत्रांनी त्याला वेडाचा गोंधळ ठरवले. तो संप होता, असे आजचे अभ्यासक म्हणतात.

वैद्यकीय बाजूही तपासायला हवी. थिओफिलस पार्विन हे इंडियाना तुरुंगाचे सुरुवातीचे डॉक्टर. ते नावाजलेले प्रसूतितज्ज्ञ होते आणि १८७९मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे अध्यक्षही होते. तुरुंगातल्या इतिहास-अभ्यासक अनास्ताझिया श्मिड यांनी त्यांचे लेखन आणि तुरुंगातल्या नेमणुकीचा काळ एकत्र ठेवून वाचला आणि त्यांनी कैदी स्त्रिया व मुलींच्या शरीरांचा प्रयोगासाठी वापर केला, असा निष्कर्ष मांडला. संमती नाकारण्याची सोय नसलेल्या जागी स्त्रीरोगाचा तज्ज्ञ काय करत होता, हा प्रश्न त्याआधी कुणी विचारला नव्हता.

गैरसमज ७: सुधारगृहाचे दार सर्व स्त्रियांना सारखे खुले होते.

वस्तुस्थिती: सुधारता येईल अशी स्त्री म्हणजे तरुण, किरकोळ अपराधातली आणि बहुधा गोरी स्त्री, असे न बोलता ठरलेले होते. निकोल हान राफ्टर यांनी १९८५च्या ‘पार्शल जस्टिस’ या पुस्तकात दाखवले, की कृष्णवर्णीय स्त्रियांना न्यायालये अधिक करून जुन्या धाटणीच्या कडक तुरुंगांत पाठवत. दक्षिणेत तर त्यांना ठेकेदारांच्या हवाली करत किंवा साखळदंड घालून रस्त्याच्या कामाला लावत. सुधारगृहात पोचलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी बेडफर्डमध्ये १९१०च्या दशकात राहण्याची वेगळी व्यवस्था केली गेली. गोऱ्या आणि काळ्या मुलींची मैत्री व्यवस्थापनाला धोक्याची वाटत होती.

गैरसमज ८: जुने दप्तर नष्ट झाले, किंवा जे उरले ते सगळे सांगते.

वस्तुस्थिती: दोन्ही टोके चुकीची आहेत. बरेच उरले आहे. छापील वार्षिक अहवाल, प्रवेश-नोंदवह्या, विधिमंडळाच्या चौकशीचे कागद, वर्तमानपत्रे मिळतात. इंडियानाचे साहित्य राज्य अभिलेखागारात आहे. न्यूयॉर्क राज्य अभिलेखागारात बेडफर्डच्या कैद्यांची वैयक्तिक प्रकरणे आहेत. त्यांत डॉक्टरचा अहवाल, घरच्यांची चौकशी, पॅरोल अधिकाऱ्याचे शेरे असतात. खासगीपणासाठी ती ठरावीक वर्षे बंद ठेवतात. मॅसॅच्युसेट्सच्या महिला सुधारगृहाच्या अधीक्षिका मिरियम व्हॅन वॉटर्स यांचे कागद श्लेसिंजर ग्रंथालयात आहेत. १९४९मध्ये त्यांना पदावरून काढले गेले आणि जाहीर सुनावणीनंतर त्या परत आल्या. त्याआधी १९४८मध्ये चौकशीच्या भीतीने त्यांनी आपली बरीच खासगी पत्रे जाळली. म्हणजे जपलेल्या संग्रहातही पोकळ्या आहेत आणि त्या आपोआप पडलेल्या नाहीत.

उलट काही कागद अन्यायामुळे टिकले. बेडफर्डच्या प्रकरणांत कैदी स्त्रियांनी आईला, मैत्रिणीला, प्रियकराला लिहिलेली पत्रे सापडतात. अधिकाऱ्यांनी ती पाठवलीच नाहीत, जप्त करून फाइलला लावली. ज्यांच्यासाठी ती लिहिली त्यांच्यापर्यंत ती गेली नाहीत, म्हणून ती आपल्यापर्यंत आली. चेरिल हिक्स यांचा २०१०चा आणि सादिया हार्टमन यांचा २०१९चा ग्रंथ या प्रकरणांवर मोठ्या प्रमाणात उभा आहे.

गैरसमज ९: हा सगळा संपलेला इतिहास आहे.

वस्तुस्थिती: इंडियानाचा महिला तुरुंग २००९मध्ये नव्या जागी गेला, पण चालू आहे. बेडफर्ड हिल्स आजही न्यूयॉर्कचा महिला तुरुंग आहे. आणि इतिहास लिहिणाऱ्या त्या कैदी स्त्रियांकडे इंटरनेट नव्हते. अभिलेखागारातल्या कागदांच्या छायाप्रती बाहेरून येत, त्यांवर त्या काम करत आणि आपले संशोधन व्हिडिओ-परिषदेतून मांडत. २०१६ साली इंडियाना हिस्टॉरिकल सोसायटीने त्यांच्या कामाला वर्षातला सर्वोत्तम संशोधन प्रकल्प ठरवले. २०२३मध्ये जोन्स आणि एलिझाबेथ नेल्सन यांच्या संपादनाखाली त्याचे पुस्तक निघाले. नावातच त्याचा मुद्दा आहे: ‘हू वुड बिलीव्ह अ प्रिझनर?’, म्हणजे कैद्यावर कोण विश्वास ठेवील?

या कामाने एक पद्धत घालून दिली आहे आणि ती कोणत्याही बंदिस्त संस्थेच्या दप्तराला लागू पडते, मग ती मनोरुग्णालयाची नोंदवही असो की अनाथाश्रमाची. कागद कुणी लिहिला, कशासाठी ठेवला आणि त्यात असायला हवे होते असे कोण नाही, हे तीन प्रश्न विचारूनच तो वाचावा. अधीक्षिकेचा अहवाल खोटा असेलच असे नाही. पण तो निधी देणाऱ्या विधिमंडळासाठी लिहिलेला असतो. त्यातले ‘सुधारली’ हे विशेषण पुरावा म्हणून घेण्याआधी त्या स्त्रीचे स्वतःचे शब्द कुठे सापडतात का, हे शोधणे हे इतिहास लिहिणाऱ्याचे कर्तव्य आहे.