आधी पाऊस पेरायचा

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातलं टूसॉन हे शहर सोनोरा वाळवंटात वसलेलं आहे. वर्षाकाठी पाऊस सुमारे २८० मिलिमीटर, म्हणजे आपल्या माणदेशाहूनही कमी. १९९०च्या जूनमध्ये तिथला पारा ४७ अंशांच्या वर गेला होता. अशा गावाला गारवा हवा तर झाडं लावावीत हे कुणीही सांगेल. पण त्या झाडांना पाजायचं काय? डनबार-स्प्रिंग नावाच्या तिथल्या एका जुन्या वस्तीने याचं उत्तर शोधलं, ते रस्त्याच्या कडेचा काँक्रीटचा कठडा कापून.

जरा हिशेब मांडू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. दहा मीटर रुंद आणि एक किलोमीटर लांब अशी साधी गल्ली घ्या. टूसॉनच्या तुटपुंज्या पावसातही तिच्यावर वर्षाला २८ लाख लिटर पाणी पडतं. काही वाफ होऊन उडतं, काही भेगांत मुरतं, पण बरंचसं डांबरावरून धावत कडेच्या पन्हाळीतून गावाबाहेर जातं. पिढ्यान् पिढ्या ते तसंच गेलं. आणि त्याच शहराच्या नळाला पाणी येतं कुठून? कोलोरॅडो नदीतून, ५४० किलोमीटर लांबीच्या कालव्याने, वाटेत पंपांनी साडेआठशे मीटरहून अधिक उंच चढवून. दारातलं पाणी हाकलायचं आणि परगावचं विकत घ्यायचं, हा उद्योग आपल्यालाही नवा नाही.

ब्रॅड लँकेस्टर हा या वस्तीतला रहिवासी. १९९५ साली तो झिम्बाब्वेत गेला आणि झेफानिया फिरी मासेको या शेतकऱ्याला भेटला. राजकारणापायी रेल्वेची नोकरी गेलेला हा माणूस झ्विशावानेच्या कोरड्या भागात खडकाळ उतारावर शेती करत होता. वरच्या खडकावरून धावत येणारं पाणी दगडी बांधांनी थोपवायचं, चरांत आणि खड्ड्यांत मुरवायचं, आणि मगच पीक घ्यायचं, अशी त्याची रीत. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे भिंतींवर वाचत वाढलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. नवल पुढे आहे. लँकेस्टरने टूसॉनला परतल्यावर हीच रीत डांबरी रस्त्याला लावली. शेतकऱ्याचा खडक म्हणजे शहरातला रस्ता!

त्याने घरासमोरचा कठडा महापालिकेची परवानगी न घेता कापला आणि पदपथालगत रस्त्यापेक्षा खोल असं पसरट आळं खणलं. पाऊस आला की पन्हाळीतलं पाणी त्या फटीतून आळ्यात वळतं. आळं भरलं की पाणी आपसूक पुढच्या घराकडे निघून जातं. ना झडप, ना पंप, ना माणूस. आळ्यात पालापाचोळ्याचं जाड आच्छादन असतं, त्यामुळे पाणी तुंबून डास होण्याआधीच मुरतं. झाड मात्र तळाशी लावत नाहीत, नाहीतर बुंधा कुजतो. ते लावतात आळ्यातल्या उंचवट्यावर, आणि मुळं आपली खाली ओलाव्याकडे जातात. पुढे महापालिकेने हे कठडे कापणं रीतसर मान्य केलं आणि पाऊस साठवणाऱ्या घरांना अनुदानही देऊ केलं.

आणि झाडं कोणती? तिथलीच. मेस्कीट हे त्यांतलं मुख्य. आपल्या शमीचा हा नातलग, आणि आपण जिला वेडी बाभूळ म्हणून शिव्या घालतो तिचाही. टूसॉनजवळच्या एका उघड्या खाणीत मेस्कीटचं मूळ जमिनीखाली ५३ मीटरवर सापडल्याची नोंद १९६३ सालची आहे. सोळा-सतरा मजली इमारत उलटी पुरावी इतकं खोल! दुसरं पालो व्हर्दे. याची सालच हिरवी असते. पाणी संपलं की ते पानं टाकून देतं आणि सालीवर अन्न बनवत राहतं. वाळवंटातले प्रचंड सग्वारो निवडुंग लहानपणी बहुधा अशाच झाडांच्या आडोशाला वाढतात, उघड्यावर ते करपून जातात.

आता मला सगळ्यांत गमतीची वाटणारी गोष्ट. दुपारी झाडाखाली थर्मामीटर धरला तर हवेचं तापमान उन्हातल्यापेक्षा फार कमी दिसत नाही, बहुधा एखाद-दोन अंशांचाच फरक. मग इतकं बरं का वाटतं? कारण अंगाला भाजते ती नुसती हवा नव्हे. वरून सूर्य दर चौरस मीटरला सुमारे एक हजार वॉट ओततो, आणि खालून तापलेलं डांबर तव्यासारखं धग फेकत असतं. ॲरिझोनात उन्हाळ्यात डांबरावर पडलेली माणसं भाजून रुग्णालयात येतात, ती उगाच नाही. सावली ही दोन्ही बाजूंची आग एकदम तोडते. आणि जे डांबर दिवसा तापलंच नाही, त्याला रात्री परत द्यायला उष्णता उरत नाही. बारीक पानांचीही इथे मदत होते. रुंद पान उन्हात स्वतःच तापतं, मेस्कीटची चिमुकली दलं वाऱ्याच्या झुळकीसरशी उष्णता सोडून देतात.

झाड घराच्या कोणत्या बाजूला, हेही महत्त्वाचं. जूनमध्ये टूसॉनला मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा दक्षिणेकडच्या झाडाची सावली घरापर्यंत पोचतच नाही. छळतो तो तिरपा, पश्चिमेचा. म्हणून पश्चिमेच्या भिंतीजवळचं एक झाड भलत्या जागी लावलेल्या चारांना भारी पडतं.

ही सगळी विद्या एका माणसाच्या अंगणात राहिली असती तर गल्ली तापलेलीच राहिली असती. डनबार-स्प्रिंगमध्ये १९९६पासून दरवर्षी शेजारी मिळून झाडं लावतात, आतापर्यंत हजाराहून अधिक लावून झाली. काम दिसतं त्याहून किचकट आहे. आधी जमिनीखालच्या गॅसच्या, पाण्याच्या, विजेच्या वाहिन्यांवर रंगाच्या खुणा करून घ्यायच्या. कोणाच्या दारात पाणी कुठून येतं ते बघायचं. आळी खणायची, मगच रोपं आणायची. पहिली दोन-तीन वर्षं पाणी कोण घालणार, हे ठरवायचं. खरी मेख इथेच असते. फोटोपुरत्या वृक्षारोपणाची आपल्याला सवय असल्याने हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण झाडं जगतात ती या कंटाळवाण्या भागामुळे. मोठ्या झाडांच्या फांद्या छाटायचंही शिकावं लागतं. मेस्कीटच्या शेंगा दळून वस्तीतले लोक त्यांचं पीठ वापरतात. ओओधाम आदिवासी हे शतकानुशतकं करत आले आहेत.

२०२०मध्ये शहराने पाण्याच्या बिलावर छोटा अधिभार लावला, सर्वसाधारण घराला महिन्याला साधारण एक डॉलर. त्यातून अशी आळी सार्वजनिक रस्त्यांवर होतात. त्याच वर्षी महापौर रेजिना रोमेरो यांनी २०३०पर्यंत दहा लाख झाडांचा संकल्प जाहीर केला. महाराष्ट्राने २०१९च्या मोहिमेत ३३ कोटींचा आकडा धरला होता, त्यामुळे मोठ्या आकड्यांनी आपण सहसा भारावत नाही, आणि ते बरंच आहे. टूसॉनच्या गरीब दक्षिण भागात सावली आजही कमी आहे. माझ्या मते २०३० साली तिथे रोपांची संख्या मोजू नये. जूनच्या दुपारी चार वाजता त्या भागातल्या बसथांब्यांवर उभं राहावं आणि किती थांबे सावलीत आहेत तेवढंच मोजावं.