फक्कीच्या रेषा

फक्की मारायच्या आधी दोरी ताणावी लागते. पेणकरपाड्यातल्या त्या मोकळ्या तुकड्यावर मी पोचलो तेव्हा दोन पोरं दोरीची टोकं धरून उकिडवी बसली होती आणि तिसरा, तळाला भोकं पाडलेला डबा हलवत, दोरीच्या कडेने पांढरी भुकटी सोडत चालला होता. संध्याकाळचे साडेसहा. दहिसर चेकनाक्याकडे सरकणाऱ्या गाड्यांचा आवाज एकसारखा येत होता. जुन्या पाड्याची बैठी घरं आणि त्यांच्या मागे उभे राहिलेले टॉवर, यांच्या मधोमध ही जागा कशीबशी उरली आहे. इथे रोज कबड्डीचा सराव चालतो.

‘मधली रेषा आधी,’ सर म्हणाले. ‘मग पावणेचार मीटर मोज.’

पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. मधल्या रेषेने त्याचे साडेसहा-साडेसहा मीटरचे दोन भाग होतात. मधल्या रेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा, आणि तिथून अंतिम रेषेपर्यंत उरतं फक्त पावणेदोन मीटर. दोन्ही बाजूंना एकेक मीटरची पट्टी म्हणजे राखीव क्षेत्र. झटापट होईपर्यंत तिथे पाय टाकायचा नाही. झाली की ती पट्टी मैदानात जमा.

मी कबड्डी टीव्हीवर पाहिलेली. चढाई करणारा वाकतो, हात फिरवतो, मांडीवर थाप पडते, मग अंगावर अंग कोसळतं. ताकदीचा आणि चपळाईचा खेळ, एवढीच माझी समजूत. चार संध्याकाळी मी त्या मैदानाच्या कडेला एका उलट्या बादलीवर बसलो आणि लक्षात आलं, की सर सगळ्यात जास्त वेळा जो शब्द ओरडतात तो ‘धर’ नाही आणि ‘पळ’ही नाही. तो आहे ‘मोज!’

काय मोजायचं, ते कळायला मला दुसरी संध्याकाळ लागली.

सात गडी उभे राहतात तेव्हा त्यांची रचना साधारण अशी: दोन्ही टोकांना कोपरे, त्यांच्या शेजारी एकेक जोडीदार, आणि मध्ये तिघे. त्यात एक मध्यरक्षक आणि त्याच्या दोन बाजूंना कव्हर. कोपरा आणि त्याचा जोडीदार हात धरून साखळी करतात. सर कोणालाच नावाने हाक मारत नाहीत. ‘ए उजवा कोपरा, बघतोस कुठे?’ ‘डावं कव्हर, पुढे आलास!’ पोरांना त्याची इतकी सवय झालेली, की पाण्याची बाटली मागतानाही एकजण म्हणाला, ‘ए कोपरा, दे ना.’

ही साखळी सरळ रेषेत उभी राहत नाही. चढाई करणारा उजवीकडे वळला की उजवा कोपरा मागे सरतो, डावा कोपरा पुढे येतो आणि मधले तिघे तिरके होतात. वरून पाहिलं तर वाऱ्याने हलणाऱ्या पडद्यासारखं दिसेल. चढाईवाल्याचं तोंड ज्या बाजूला, ती बाजू मागे जाणार. पाठ ज्या बाजूला, ती पुढे येणार. धरणारा बहुतेक वेळा पाठीमागून येतो. समोरचा कोपरा नुसता दिसत राहतो. ते दिसत राहणं हेच त्याचं काम.

‘पाय बघायचा, डोळे बघायचे नाहीत,’ सर कोपऱ्याला सांगत होते. ‘डोळे खोटं बोलतात.’ मग स्वतःच चढाईला गेले. साठीकडे झुकलेला माणूस, गुडघ्याला पट्टा. नजर डाव्या कव्हरवर रोखलेली, खांदा डावीकडे झुकलेला, आणि उजवा पाय मागच्या मागे सरकत कोपऱ्याच्या गुडघ्याला टेकला. कोपरा अजून खांद्याकडेच बघत होता. कोणी हसलं नाही. असं रोज कोणाचं ना कोणाचं होतच असतं.

ही झाली अंगाची हूल. मोजणी सुरू होते ती बोनस रेषेपाशी.

समोर सहा किंवा सात गडी उभे असतील तरच बोनस मिळतो. एक पाऊल पूर्ण बोनस रेषेपलीकडे पडलं आणि त्याच वेळी दुसरा पाय हवेत असला की एक गुण. त्यासाठी कोणाला हात लावावा लागत नाही. या गुणाने आपला बाद झालेला गडी जिवंत होत नाही, गुण नुसता फलकावर चढतो. समोर पाच उरले की बोनस बंद. रेषा तीच, फक्की तीच, पण तिला काही किंमत नाही. म्हणून प्रत्येक चढाईआधी कोपरा मोठ्याने आकडा सांगतो. ‘सात!’ ‘सहा!’ आकडा ऐकून पूर्ण साखळी उभं राहण्याची जागा बदलते. सहा असतील तर कोपरे खोलवर, घोट्यावर झेप घालायच्या तयारीत. पाच असतील तर सगळे एक पाऊल पुढे, कारण आता मागची रेषा राखायची गरज नाही.

चकवा इथेच घातला जातो. सहा गडी असताना कोपरा मुद्दाम खांदे पाडून, थकल्यासारखा अर्धं पाऊल मागे उभा राहतो. बोनस उघडा पडल्यासारखा दिसतो. चढाईवाला पाय टाकतो, तो हवेत असतानाच कोपरा घोटा धरतो आणि शेजारचा जोडीदार मांडीवर पडतो. उलट, जाणता चढाईवाला बोनससाठी पाय उचलतो, कोपरा झेपावतो, आणि उचललेला पाय रेषेवर न पडता झेपावलेल्याच्या हाताला लागतो. दोघेही एकाच नियमावर विसंबून एकमेकांना फसवत असतात. ज्याला बोनस म्हणजे काय हेच ठाऊक नाही, त्याला बोनसची हूल देता येत नाही.

तिसऱ्या संध्याकाळी पाऊस आला. पोरं पत्र्याखाली उभी राहिली आणि जुने खेळाडू असलेले एक काका बोलू लागले. त्यांच्या लहानपणी पाड्यात याला हुतुतू म्हणत. बाद झालेला गडी बादच. पूर्ण संघ बाद होईपर्यंत तो बाहेर बसून राहायचा. त्या प्रकाराला गामिनी म्हणत. बाद गडी परत जिवंत होतो तो संजीवनीचा खेळ, आणि आज जगभर मुख्यतः तोच चालतो. गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत महाराष्ट्रात आणि बडोद्यात या खेळाचे नियम लिहून काढायची खटपट सुरू झाली. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तो तिथे करून दाखवला. शंकरराव साळवी, म्हणजे बुवा साळवी, यांनी आयुष्य घालून या खेळाची संघटना बांधली. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. १९९० साली बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डी पदकाचा खेळ झाली.

‘पण संजीवनीत डोकं जास्त लागतं,’ काका म्हणाले. ‘गडी जिवंत होतात ते ज्या क्रमाने बाद झाले त्या क्रमाने.’ त्यांनी ओल्या फरशीवर बोटाने सात टिंबं काढली. समजा समोरच्यांचा हुकमी चढाईवाला बाहेर बसलाय आणि रांगेत त्याचाच नंबर पहिला आहे. अशा वेळी आपल्या गड्याने उगाच पकडीच्या तोंडी जायचं नाही. आपला एक गेला की त्यांचा वाघ परत आला. त्यापेक्षा जायचं, निदान रेषा ओलांडायची आणि हात न लावता परत यायचं. रिकामी चढाई. किंवा समोर दोनच गडी उरलेत. सगळे बाद केले तर लोण, दोन गुण जास्तीचे. पण लोण बसलं की त्यांचे सातही ताजेतवाने परत. सामना संपायला थोडा वेळ उरला असेल तर ते दोघे तसेच राहिलेले बरे. ‘मारायचं कधी हे कोणीही शिकतं,’ काका म्हणाले, ‘सोडायचं कधी, ते शिकायला वेळ लागतो.’

अशा रिकाम्या चढायांनी पूर्वी सामन्यांचा जीव जायचा. पुढे असलेला संघ नुसता येरझारा घालत वेळ काढायचा. म्हणून नियम आला: लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर चढाईवाला बाद. चढाईलाही तीस सेकंदांची मर्यादा बसली. शिवाय तीन किंवा कमी गडी उरलेले असताना पकड केली तर एक गुण जास्तीचा, ती अव्वल पकड. मैदानावर सगळे तिला सुपर टॅकलच म्हणतात. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि हे सगळं घराघरात पोचलं.

चकव्याच्या मागून नियम येतो, ही गोष्ट सगळ्या खेळांची आहे. अमेरिकेत १९०३ साली कार्लाइलच्या संघाने हार्वर्डविरुद्धच्या फुटबॉल सामन्यात चेंडू एका गड्याच्या जर्सीत पाठीवर दडवला. समोरचे चेंडू शोधत राहिले आणि हा धावत जाऊन गुण घेऊन आला. पुढे ती युक्ती नियमाने बंद झाली. पण कबड्डीत मला दिसलं ते वेगळंच. इथे चकव्याला रोखायला आलेला नियम स्वतःच नव्या चकव्याचं घर होतो. तिसऱ्या चढाईचा नियम वेळकाढूपणा मोडायला आला. आता संघ पहिल्या दोन चढाया मुद्दाम रिकाम्या घालवतात आणि तिसरीला ताज्या दमाचा, त्याच कामात मुरलेला गडी पाठवतात. बचाव करणारेही पहिल्या दोघांना हात लावत नाहीत, कारण तिसऱ्याला आत यावंच लागेल हे त्यांना ठाऊक असतं. तीनच गडी उरले की पूर्वी माना खाली जायच्या. आता त्या तिघांच्या डोळ्यांत चमक येते, कारण एका पकडीत दोन गुण आहेत.

आणि नियम कोणता चालू आहे यावरच दोघांचं एकमत नसेल तर काय होतं, ते ७ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोऊमध्ये दिसलं. आशियाई खेळांचा पुरुषांचा अंतिम सामना, भारत आणि इराण २८-२८, सामना संपत आलेला. भारताचा पवन सेहरावत ‘करो या मरो’च्या, म्हणजे गुण आणावाच लागणाऱ्या तिसऱ्या चढाईला गेला. कोणालाही स्पर्श न होता त्याचा पाय राखीव क्षेत्रात पडला आणि त्याला अडवायला आलेले इराणचे गडी त्याच्यामागोमाग तिथेच गेले. जुन्या नियमाप्रमाणे पाठोपाठ जाणारेही बाद. प्रो कबड्डीच्या नव्या नियमाप्रमाणे एकटा चढाईवाला बाद. पंचांचा निर्णय फिरला, परत फिरला, खेळाडू मैदानातच बसून राहिले आणि सामना तासभर खोळंबला. शेवटी भारत ३३-२९ ने जिंकला. पेणकरपाड्यातल्या पोरांना ही चढाई तोंडपाठ आहे. पवन चूक की बरोबर यावर त्यांच्यात अजून भांडण होतं. एक मीटर रुंदीच्या पट्टीवर पडलेलं पाऊल, आणि दोन देश थांबलेले.

चौथ्या संध्याकाळी सर म्हणाले, ‘नुसतं बघून लिहिणार? उभे राहा उजव्या कोपऱ्यात.’ मी पँट दुमडली, चपला बादलीजवळ ठेवल्या. जोडीदाराने माझं मनगट धरलं. त्याचा हात घामाने ओला होता आणि पकड लोखंडासारखी. समोरून नववीतला, माझ्या खांद्याइतक्या उंचीचा पोरगा आला. ‘कबड्डी कबड्डी कबड्डी,’ आवाज लहान पण दम अखंड.

बादलीवर बसून दिसायचं ते मैदान आणि आतलं मैदान यांत फार फरक. मागची पावणेदोन मीटर जागा बाहेरून ऐसपैस वाटते. कोपऱ्यात उभं राहिलं की टाचेला लागून विहिरीचा काठ असल्यासारखं वाटतं. पोरगा डावीकडे गेला, साखळी हलली, मीही हललो. तो परत माझ्याकडे वळला. मी डोळ्यांकडे बघितलं नाही, सरांनी सांगितल्याप्रमाणे पायाकडे बघितलं. त्याचा डावा पाय उचलला गेला, बोनस रेषेच्या दिशेने लांब झाला. मला नियम पाठ होता. मी घोट्यावर झेपावलो.

पाय तिथे नव्हता. पोराने तो वाटेतूनच मागे घेतला, माझ्या पाठीला वरच्यावर टपली मारली आणि तीन ढांगांत मधली रेषा गाठली. मी पालथा पडलो होतो, तोंडात माती.

‘किती होते तुम्ही?’ सरांनी विचारलं.

मी मान उचलून मोजलं. माझ्यासकट पाच. बाकीचे दोघे बाहेर बसले होते, माझ्या उलट्या बादलीवर दाटीवाटीने. पाच गड्यांवर बोनस नसतोच. त्या पोराने मला अशा गुणाची लालूच दाखवली होती, जो त्या घटकेला मैदानात नव्हताच. जोडीदार ओरडला होता, ‘पाच!’ मी ऐकलंही होतं. फक्त ते माझ्यासाठी आहे असं मला वाटलं नव्हतं.

मी उठलो. शर्टावर छातीपासून पोटापर्यंत फक्कीचा आडवा पट्टा उमटला होता आणि जमिनीवर बोनस रेषा तेवढ्या जागी पुसली गेली होती. डबा घेऊन पोरगा आला आणि ती पुन्हा आखू लागला. मी बाहेर जाऊन त्या दोघांच्या शेजारी बसलो. चार गडी उरले होते. मी मोजले.