प्रोग्राम सुरू व्हायला उशीर लावतो, तेव्हा तो काय करत असतो?

संशोधन संस्थांच्या लिनक्स क्लस्टरवर हे नेहमी दिसतं. कमांड दिली की आठ-दहा सेकंद पडदा कोरा आणि एकदा सुरू झाला की प्रोग्राम झपाट्याने चालतो. 'मशीन जुनं झालं, रॅम वाढवा', असं लगेच ठरतं. हा पहिला गैरसमज. त्या आठ-दहा सेकंदांत प्रोसेसर बऱ्याचदा रिकामाच असतो. प्रोग्राम आपल्या लायब्रऱ्या शोधत असतो.

हा शोध 'एलडी डॉट एसओ' हा लोडर घेतो. 'एलडी लायब्ररी पाथ' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये डिरेक्टऱ्या लिहिलेल्या असतील, तर त्यांत तो क्रमाने पाहतो. सिस्टिमच्या लायब्रऱ्यांचे पत्ते कॅशमध्ये तयार असतात, पण तिकडे तो शेवटी वळतो. त्यामुळे अगदी साधी 'लिबसी'सुद्धा आधी सगळी चुकीची दारं ठोठावून मग मिळते. क्लस्टरवर सॉफ्टवेअर वापरायला घेण्यासाठी दिलेल्या प्रत्येक 'मॉड्यूल लोड' कमांडबरोबर या यादीत भर पडत जाते. समजा, यादीत ४० डिरेक्टऱ्या आहेत आणि सिस्टिमच्या ६० लायब्रऱ्या हव्यात, तर २,४०० वेळा 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' हे उत्तर ऐकावं लागतं.

'फाइल नाहीच, तर वेळ कसला जाणार?' हा गैरसमज सर्वांत महाग पडतो. स्थानिक डिस्कवर नकार मायक्रोसेकंदांत मिळतो, हे खरं. एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून वापरल्या जाणाऱ्या फाइल सिस्टिमवर, मात्र 'नाही' हे उत्तरही सर्व्हरकडूनच यावं लागतं. फेरीला एक मिलिसेकंद धरला तरी २,४०० फेऱ्यांचे जवळपास अडीच सेकंद होतात. त्यात शेकडो प्रोसेस एकदम सुरू झाल्या, की सगळ्यांची रांग त्या एकाच सर्व्हरपुढे लागते. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने 'स्पिंडल' हे साधन यासाठीच बनवलं: मोजक्याच प्रोसेस फाइली वाचतात आणि बाकीच्यांना पोहोचवतात.

तपासणीतही फसगत होते. प्रोग्रामचे सिस्टिम कॉल नोंदवणाऱ्या 'एस-ट्रेस'ला नुसता 'सी' पर्याय दिला, तर तक्त्यात प्रोसेसरचा वेळ येतो, वाट पाहण्यात गेलेला येत नाही. आकडे इवलेसे दिसतात आणि फाइल सिस्टिम निर्दोष ठरते. सोबत 'डब्ल्यू' द्या, म्हणजे घड्याळाचा वेळ दिसेल. त्याच तक्त्यातला 'एरर्स'चा रकाना आवर्जून वाचा. रोग बहुधा तिथेच सापडतो. लोडर कुठे-कुठे शोधतो, ते 'एलडी डीबग'ला 'लिब्ज' दिल्यावर ओळीने दिसतं.

दुसऱ्यांदा प्रोग्राम पटकन उघडला म्हणून दोष गेला असंही नाही. कर्नल सापडलेली नावं लक्षात ठेवतो, न सापडलेलीही. दुसऱ्या नोडवर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पायथनही आपली मॉड्यूल अशीच डिरेक्टऱ्यांच्या यादीत क्रमाने शोधतो; आवृत्ती ३.७ पासून 'इम्पोर्टटाइम' पर्यायाने कुठल्या इम्पोर्टला किती वेळ लागला ते कळतं.

म्हणून नव्या मशीनच्या मागणीपत्रावर सही करण्याआधी पाथमधल्या नको त्या डिरेक्टऱ्या काढा आणि पुन्हा एकदा वेळ मोजा.