गिट्टीपासून गांडुळापर्यंत : घरच्या खटपटीच्या एक डझन खमंग गोष्टी

रविवारी सकाळी कुणी ड्रिल मशिन बाहेर काढलं की अख्ख्या सोसायटीला कळतं, आणि बाल्कनीत माती कालवली की खालच्या मजल्यावरचे वर बघायला लागतात. तरीही हौस काही सुटत नाही. मग करायचीच खटपट तर जरा माहितीनिशी करू! काही घरगुती युक्त्यांना पक्कं शास्त्र आहे, काही नुसत्याच ऐकीव आहेत. कोणती कुठली, ते बघा.

१. गिट्टीत जनावराचं रक्त
फ्रेम टांगायची म्हणजे आधी भोक, मग गिट्टी, मग स्क्रू. या गिट्टीची, म्हणजे रावळ प्लगची, कल्पना १९११च्या सुमारास जॉन रॉलिंग्ज या इंग्रज कंत्राटदाराला सुचली. ब्रिटिश म्युझियममध्ये विजेची फिटिंग बसवायची होती आणि भिंती खराब करायच्या नव्हत्या. त्याने तागाच्या धाग्यांची नळी केली आणि ते धागे चिकटवायला चक्क जनावराचं रक्त वापरलं. आजची नायलॉनची गिट्टी १९५८ साली जर्मनीच्या आर्टर फिशर यांनी काढली. त्यांच्या नावावर अकराशेहून जास्त पेटंट आहेत! स्क्रू आत गेला की गिट्टी फुगते आणि भोकाच्या कडांना घट्ट दाबून बसते. म्हणून भोक तिच्या मापाचंच हवं. सैल भोकात काडेपेटीच्या काड्या कोंबायच्या तर कॅलेंडरपुरत्या. जड आरशाला तो जुगाड नको.

२. ड्रिल मशिन चंद्रावर
पिस्तुलाची मूठ आणि बोटाशी खटका, हा ड्रिलचा घाट ब्लॅक अँड डेकर कंपनीने १९१७ साली पेटंट केला. बिनवायरचं ड्रिल ‘नासा’ने शोधलं असं सांगतात, ते खरं नाही, या कंपनीने ते १९६१ मध्येच बाजारात आणलं होतं. मात्र १९७१ मध्ये ‘अपोलो १५’च्या अंतराळवीरांनी चंद्राची जमीन खोदली, त्या यंत्राची मोटर याच कंपनीची होती. तिथे धुळीची तक्रार करायला कुणी नव्हतं. आपल्याकडे असतं. तेव्हा भोकाच्या खाली एक उघडं पाकीट चिकटवा, भुकटी त्यातच पडेल.

३. चुना लावणं म्हणजे दगड घडवणं
चुनखडी भाजली की कळीचा चुना होतो. त्यात पाणी घातलं की तो फसफसून, तापून विरतो. हा चुना भिंतीला लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो पुन्हा चुनखडीच होतो. म्हणजे रंग नुसता वाळत नाही, त्याचा दगड बनतो. चुना अल्कधर्मी असल्यामुळे बुरशीलाही सहज थारा मिळत नाही. आणि त्यात चिमूटभर नीळ का? पिवळट झाक निळ्या छटेने झाकली जाते आणि डोळ्यांना पांढरं आणखी पांढरं दिसतं. चुना विरवताना मात्र डोळे सांभाळा आणि मुलांना लांब ठेवा.

४. वारलीचा ब्रश दातांनी बनतो
गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. वारली चित्राचं एवढंच सामान. मुळात लग्नघरात देवचौक लिहिण्याचा मान सवाशिणींचा, आणि चौकाच्या मधोमध पालघाट देवी. डहाणूकडचे जिव्या सोमा मशे यांनी लग्नकार्याची वाट न बघता रोज चित्रं काढायला घेतली आणि ही कला जगभर पोचवली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तुम्हाला कुंडीवर वारली काढायची असेल तर खाली गेरू चालेल, पण वरून पांढरा अ‍ॅक्रिलिकच घ्या. तांदळाचं पीठ पहिल्या पावसात धुऊन जाईल.

५. रंगाऱ्यांच्या वैतागातून टेप
१९२०च्या दशकात अमेरिकेत दोन रंगांच्या मोटारींची फॅशन होती. रंग देताना झाकायला लावलेला कागद काढला की खालचा रंगही सोलून यायचा आणि कारागीर वैतागायचे. पॉलिशपेपर घेऊन गॅरेजात गेलेल्या ‘थ्रीएम’ कंपनीच्या रिचर्ड ड्रू याने ते पाहिलं आणि १९२५ मध्ये मास्किंग टेप तयार केली. भिंतीवर सरळ पट्टा मारायचा असेल तर ती आजही हुकमी. एकच पथ्य पाळा: रंग पूर्ण कडक होण्याआधी टेप हळूच काढा, नाहीतर कड फाटते.

६. मखर हवेचं, माटोळी रानाची
थर्माकोलमध्ये सुमारे ९८ टक्के हवाच असते. उरलेलं दोन टक्के प्लास्टिक मात्र विसर्जनानंतर कुजायचं नाव घेत नाही. महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि पुठ्ठा, कापड, बांबू यांना पुन्हा भाव आला. गोव्यात आणि तळकोकणात गणपतीच्या डोक्यावरची सजावट पूर्वीपासून टाकाऊ नव्हतीच. गोव्यातली माटोळी, सिंधुदुर्गातली माटवी म्हणजे लाकडी चौकटीला टांगलेले नारळ, सुपारीची शिपटी, तवशी, कवंडाळं आणि रानातली कितीतरी फळं-पानं. गोव्यात तर माटोळीच्या स्पर्धाही भरतात.

७. कुंडीच्या तळाशी खडी? विसरा!
‘पाणी निचरावं म्हणून तळाला खडीचा थर द्या’ हा सल्ला घरोघरी चालतो, आणि तो चुकीचा आहे. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. माती पुरती भिजेपर्यंत ते वरच अडून राहतं. परिणामी ओला भाग मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर एक खापरी ठेवा, ती फक्त माती वाहून जाऊ नये म्हणून. खरा निचरा मातीतच तयार करायचा असतो: कोकोपीट, वाळू, पालापाचोळ्याचं खत. कुंडीतली बरीच झाडं तहानेने नव्हे, जास्त पाण्याने मरतात, कारण मुळांना हवा मिळत नाही.

८. एका धण्यात दोन रोपं
धणा म्हणजे बी नव्हे, फळ आहे, आणि त्यात दोन बिया असतात. म्हणून पेरण्याआधी धणे लाटण्याने हलकेच रगडून दोन फाकी करायच्या. पीठ करू नका! आख्खे धणे पेरून ‘कोथिंबीर विरळच येते’ म्हणणाऱ्यांनी हे एकदा करून बघावं.

९. पोपटाला मिरची झोंबत नाही
मिरचीचा तिखटपणा कॅप्सायसिनचा. तो आपल्याला आणि उंदरांना भाजतो, पण पक्ष्यांना जाणवतच नाही. यात झाडाचाच फायदा: उंदीर बिया चावून टाकतात, पक्षी त्या अख्ख्या गिळून लांबवर टाकतात. तेव्हा बाल्कनीतल्या मिरच्या पोपटाने पळवल्या तर तिखटाच्या भरवशावर राहू नका, जाळी लावा.

१०. दसऱ्याचा झेंडू मेक्सिकोचा
ज्याच्याशिवाय आपलं दसऱ्याचं तोरण होत नाही, तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिथेही मृतात्म्यांच्या सणाला त्याचीच आरास असते. आणखी एक गंमत: झेंडूचं ‘एक’ फूल म्हणजे अनेक चिमुकल्या फुलांचा गुच्छ. त्याच्या मुळांतून असं द्रव्य सुटतं की काही सूत्रकृमींना ते सोसत नाही, म्हणून टोमॅटो-वांग्यांशेजारी झेंडू लावतात. तोरण वाळलं की फेकू नका. त्या काळ्या काड्यांच्या बिया जपून ठेवा आणि पावसाळ्यात पेरा. रोपं तोरणातल्या फुलांसारखीच निघतील असं नाही, पण झेंडूच निघेल!

११. मनी प्लांटची खोटी कीर्ती
हा वेल मूळचा पॅसिफिकमधल्या मूरेआ बेटाचा. त्याला फूल येताना जवळजवळ कुणी बघत नाही. फुलण्यासाठी लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक तो तयारच करू शकत नाही, हे २०१६ मध्ये संशोधकांनी दाखवलं. म्हणजे जगभर पसरला तो कापलेल्या फांद्यांवर. फांदी लावताना तिला निदान एक पेर हवंच. नुसत्या पानाचा वेल होत नाही. मांजर असेल तर वेल उंच टांगा, पानं विषारी असतात. आणि ‘झाडं खोलीतली हवा शुद्ध करतात’ म्हणाल, तर ‘नासा’चा १९८९चा प्रयोग छोट्या बंद पेट्यांमधला होता. २०१९ मध्ये जुन्या प्रयोगांचा हिशेब पुन्हा मांडला गेला. खिडकीतून खेळणाऱ्या हवेइतकं काम करायला दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील, असं त्यातून निघालं. दहा बाय दहाच्या खोलीत कमीत कमी नव्वद कुंड्या! झाडं डोळ्यांच्या सुखासाठी ठेवा, हवेसाठी खिडकी उघडा.

१२. गांडुळांपुढे पियानो
चार्ल्स डार्विनचं शेवटचं पुस्तक, १८८१चं, गांडुळांवर आहे. त्यासाठी त्याने कुंड्यांमध्ये गांडुळं पाळली आणि त्यांना बासून आणि पियानो ऐकवले. ती ढिम्म! पण कुंडी थेट पियानोवर ठेवून सूर वाजवताच ती बिळात पळाली. ऐकू येत नाही, पण थरथर कळते. तेव्हा गांडूळखताचा डबा वॉशिंग मशिनशेजारी ठेवू नका. त्यात लिंबाची सालं आणि मीठ-मसाल्याचं उरलेलं अन्न टाळा. भाजीची देठं आणि धुतलेला चहाचा चोथा मात्र बिनधास्त घाला.

जाता जाता
अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी २०१२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना ‘आयकिया’ या फर्निचर कंपनीची खोकी जोडायला आणि कागदाची बगळे-बेडकं करायला दिली. स्वतः केलेल्या वाकड्यातिकड्या बगळ्याला लोक जवळजवळ तज्ज्ञाच्या बगळ्याइतकी किंमत लावायला तयार होते! बाकीच्यांच्या लेखी ती वस्तू कवडीमोल होती, हा भाग वेगळा. मात्र काम अर्धवट सोडलं की ही माया उरत नाही, हेही त्याच अभ्यासात दिसलं. म्हणून या रविवारी सगळं घर हातात घेऊ नका. एकच कुंडी किंवा एकच भिंत निवडा, आणि ती पुरी करूनच उठा.