२० हजारांचा हेडफोन घेताय? आवाजासोबत तो डोक्यावर किती वेळ टिकतो, तेही बघा

यूट्यूबवर हेडफोनचा कोणताही रिव्ह्यू लावा. पहिली दहा मिनिटं बास, मिड्स, ट्रेबल, साऊंडस्टेज यावर जातात आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात एक वाक्य येतं, "कम्फर्ट ठीक आहे."

गंमत म्हणजे घेतलेला हेडफोन कपाटात जाऊन पडतो तो बहुतेक वेळा याच अर्ध्या मिनिटातल्या गोष्टीमुळे. आवाज आवडलेला असतो, पण तासाभरात कान दुखतात, डोक्याच्या मधोमध टोचतं, चष्म्याची काडी कानामागे रुतते. मग पुन्हा ते साधे इयरबड्स बाहेर निघतात.

साधारण १० ते ३० हजार रुपयांच्या पट्ट्यातले हेडफोन आपल्याकडे 'ऑडिओफाईल' म्हणून विकले जातात. मराठीत यासाठी छान शब्द आहे, कानसेन. नोकरीला लागून वर्ष-दोन वर्षं झालेल्या कुणासाठीही ही रक्कम छोटी नाही. म्हणून या पट्ट्यातले चार गाजलेले हेडफोन घेऊ आणि आवाज आणि आराम या दोन्ही बाजूंनी त्यांची तुलना करू.

आधी एक प्रश्न : जास्त पैसे म्हणजे जास्त चांगला आवाज का?

२०१७ मध्ये जेरॉन ब्रीबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोन आणि इयरफोनची मोजमापं तपासली. कोणता हेडफोन कोणत्या पट्टीतला आवाज किती मोठा देतो, याला फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स म्हणतात. आपल्याला एखादा हेडफोन 'बासवाला' किंवा 'टोचणारा' वाटतो तो मुख्यतः यामुळेच. ब्रीबार्ट यांना या रिस्पॉन्सचा आणि किमतीचा संबंध सापडला नाही. किंमत वाढली म्हणून आवाजाचा तोल सुधारला, असं दिसलं नाही.

बाजारातलं एक उदाहरणही बोलकं आहे. सेनहायझर या जर्मन कंपनीचा एचडी ६५० हा २००३ पासूनचा नावाजलेला हेडफोन. २०१६ मध्ये मासड्रॉप या अमेरिकी वेबसाइटने सेनहायझरकडूनच त्याची वेगळ्या रंगातली आवृत्ती बनवून घेतली, नाव एचडी ६एक्सएक्स, किंमत १९९ डॉलर. मूळ मॉडेलची छापील किंमत याच्या दुपटीहून जास्त होती.

मग चांगला आवाज ठरवायचा कसा? हरमन या कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी २०१२-१३ पासून यावर बरेच प्रयोग केले. लोकांना हेडफोनचं नाव न सांगता आवाज ऐकवायचा आणि आवडला का ते विचारायचं. त्यातून बहुतेकांना आवडणारा एक तोल समोर आला, त्याला हरमन टार्गेट म्हणतात. चांगल्या खोलीत ठेवलेले चांगले स्पीकर जसे ऐकू येतात, साधारण तसा. पण याच प्रयोगांत काहींना बास थोडा जास्त हवा होता, काहींना कमी. म्हणजे सगळ्यांसाठी एकच 'बेस्ट' आवाज नसतो.

ओपन बॅक आणि क्लोज्ड बॅक म्हणजे काय?

हेडफोनच्या कपाची बाहेरची बाजू बंद असेल तर तो क्लोज्ड बॅक. आतला आवाज बाहेर जात नाही, बाहेरचा फारसा आत येत नाही. जाळी असेल तर ओपन बॅक. हवा आरपार जाते, आवाज मोकळा वाटतो, गाणं डोक्याच्या आत न वाजता आजूबाजूला वाजतंय असं जाणवतं.

ओपन बॅकची सुरुवात १९६८ ची. सेनहायझरने तेव्हा एचडी ४१४ हा हलका, पिवळ्या स्पंजचा हेडफोन आणला. हा जगातला पहिला ओपन हेडफोन मानला जातो.

आपल्याकडे निवड इथेच निम्मी होते. वन बीएचकेमध्ये शेजारी कुणी झोपलं असेल तर ओपन बॅकमधून गळणारं गाणं त्यांनाही ऐकावं लागतं. वर गरगरणारा पंखा, खालचा ट्रॅफिक, कुकरची शिट्टी, सगळं आत येतं. लोकलमध्ये तर ओपन बॅक घेऊन जाऊच नका. उलट मे महिन्यात मुंबई-कोकणात दमट हवेत क्लोज्ड बॅकचे रेक्झिनसारखे पॅड दहा मिनिटांत कानाला घाम आणतात, आणि हे पॅड काही वर्षांत सोलायलाही लागतात.

चार हेडफोन, चार स्वभाव

*ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५०एक्स.* जपानी कंपनी, २०१४ चं मॉडेल, चौघांतला एकमेव क्लोज्ड बॅक. बास ठसठशीत, वरचा आवाजही थोडा पुढे. हिंदी गाणी, हिप-हॉप, ढोल-ताशा यात मजा येते. घडी होते, केबल बदलता येते, मोबाइलवर सहज चालतो. वजन २८५ ग्रॅम. अडचण पॅडची : आतली जागा उथळ आहे, त्यामुळे मोठे किंवा बाहेर आलेले कान आतल्या कापडाला टेकतात. तासाभरानंतर ते जाणवतं.

*बायरडायनॅमिक डीटी ९९० प्रो.* जर्मनीच्या हाइलब्रॉन शहरातली कंपनी, हे घराणं १९८० च्या दशकापासूनचं. ओपन बॅक, वजन २५० ग्रॅम, मखमली गोल मोठे पॅड. आरामाच्या बाबतीत याचं कौतुक बहुतेक सगळे करतात. गेमर आणि व्हिडिओ एडिटर तासन् तास घालून बसतात ते उगाच नाही. पण आवाज कडक आहे. बास वाढवलेला, ट्रेबल त्याहून वाढवलेला. झांज, टाळ आणि गायकाचा 'स', 'श' काहींना टोचतात. शिवाय केबल कायमची जोडलेली. ती खराब झाली तर दुरुस्तीशिवाय पर्याय नाही.

*सेनहायझर एचडी ६००.* १९९७ पासून बाजारात आहे आणि आजही तुलनेचा मापदंड म्हणून वापरला जातो. वजन २६० ग्रॅम. याचा जीव मधल्या पट्टीत, म्हणजे माणसाच्या आवाजात आहे. अभंग, गझल, ख्याल, नाट्यगीत, जिथे गळा मुख्य तिथे हा हेडफोन बाजूला होतो आणि गायक समोर बसतो. मात्र अगदी खालचा बास कमी पडतो आणि आवाजाचा पसारा लहान वाटतो. नवा असताना तो डोकं चांगलंच आवळतो. वापराने सैल होतो, पण रुंद चेहऱ्याच्या माणसाला पहिले काही आठवडे जड जातात.

*हायफायमन सुंदरा.* २०१८ चं मॉडेल आणि बाकीच्या तिघांपेक्षा वेगळं तंत्र. इतर हेडफोनमध्ये स्पीकरसारखा छोटा पडदा आणि त्याला चिकटलेली कॉइल असते. सुंदरामध्ये अतिशय पातळ पडद्यावरच वीजवाहक रेषा असतात आणि लोहचुंबकांमुळे तो अख्खा पडदा एकसारखा हलतो. याला प्लॅनर मॅग्नेटिक म्हणतात. बास अगदी खालपर्यंत सरळ जातो, तबल्याचे जलद बोल सुटे-सुटे ऐकू येतात. पण चुंबकांना वजन असतं. सुंदरा ३७२ ग्रॅमचा आहे. एचडी ६०० पेक्षा ११२ ग्रॅम जास्त, म्हणजे आजच्या मोबाइलच्या निम्म्याहून अधिक वजन डोक्यावर. वरचा पट्टा ते वजन बऱ्यापैकी वाटून घेतो, पण कप आडवे फिरत नाहीत, त्यामुळे प्रत्येक चेहऱ्यावर ते नीट बसतीलच असं नाही.

आराम हा आवाजाचाच भाग कसा?

हा मुद्दा रिव्ह्यूमध्ये सहसा सुटतो. हेडफोन कानाभोवती किती घट्ट बसतो, त्यावर आवाज बदलतो. क्लोज्ड बॅकमध्ये तर फारच. चष्म्याच्या काडीने पॅड आणि त्वचेत फट पडली की बास तिथून निसटतो. केस, दाढी, कानातले यांनीही हेच होतं. एकच हेडफोन एकाला दणदणीत आणि चष्मेवाल्या मित्राला पोकळ वाटला, तर दोघंही खरं सांगत असतात.

पॅड दबले की कान आणि स्पीकर यातलं अंतर कमी होतं आणि आवाजाचा तोल सरकतो. दोन-तीन वर्षांनी "हेडफोन पहिल्यासारखा राहिला नाही" असं वाटतं, तेव्हा पुष्कळदा पॅड बदलायची वेळ आलेली असते. म्हणून घेतानाच बघा, या मॉडेलचे पॅड सुटे मिळतात का आणि केवढ्याला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. आवाज बऱ्याच अंशी दुरुस्त करता येतो, तोही फुकटात. विंडोजवर इक्वलायझर एपीओ आणि अँड्रॉइडवर वेव्हलेटसारख्या अ‍ॅपने डीटी ९९० चा टोचणारा ट्रेबल खाली आणता येतो, एचडी ६०० चा बास थोडा वर नेता येतो. पण सुंदराचं वजन कमी करणारं किंवा एम५०एक्सचे पॅड खोल करणारं अ‍ॅप निघालेलं नाही.

वेगळा अँप घ्यावा लागतो का?

बॉक्सवर ओहम लिहिलेले असतात. हा हेडफोनचा विद्युत विरोध. एचडी ६०० चा ३००, डीटी ९९० प्रोचा मूळ आवृत्तीत २५०, सुंदराचा ३७, एम५०एक्सचा ३८. जास्त ओहमच्या हेडफोनला जास्त व्होल्टेज लागतं. मोबाइलला थेट लावला तर आवाज हळू येऊ शकतो.

पण ओहम कमी म्हणजे हेडफोन सोपा, असंही नाही. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे दिलेल्या विजेत आवाज किती निघतो, हेही बघावं लागतं. सुंदरा ३७ ओहमचा असूनही वीज बऱ्यापैकी खातो. एम५०एक्स सोडून इतर तिघांसाठी निदान चांगल्या डोंगलचा खर्च बजेटमध्ये धरा. २० हजार हेडफोनवर संपवून मग अँपसाठी उसने पैसे मागण्यात अर्थ नाही.

दुकानात किंवा मित्राकडे ट्राय करताना

पहिलं, दोन हेडफोनची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवा. थोडा मोठा वाजणारा हेडफोन आपल्याला चांगलाच वाटतो, हा कानाचा जुना धोका आहे.

दुसरं, डेमोची चकचकीत गाणी नकोत. तुम्हाला पाठ असलेलं गाणं लावा. तानपुऱ्याची जवारी, डग्ग्याचा घुमारा आणि ओळखीच्या गायिकेचा 'स', एवढ्यात खालचा, मधला आणि वरचा आवाज तपासून होतो.

तिसरं, किमान अर्धा तास डोक्यावर ठेवा, चष्मा असेल तर चष्म्यासकट. पाच मिनिटांत प्रत्येक हेडफोन आरामदायीच वाटतो. ऑनलाइन घेणार असाल तर परत करायची मुदत आणि अटी आधी वाचा आणि पहिल्याच रविवारी दोन तास सलग घालून बघा.

आणि कानांचं काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित. आवाज ९० डेसिबल झाला की हीच मर्यादा ४ तासांवर येते. आरामदायी हेडफोनचा हा उलटा धोका : तो काढावासा वाटत नाही, त्यामुळे तास वाढतात. आणि गोंगाटात ओपन बॅक लावला की बाहेरच्या आवाजावर मात करायला व्हॉल्यूम आपोआप वर जातो. ऐकण्याची शक्ती एकदा गेली की कोणताही अँप ती परत आणत नाही. त्यामुळे गोंगाटाच्या जागी क्लोज्ड बॅक ही आवडीची नाही, कानांच्या तब्येतीची गोष्ट आहे.

मग घ्यायचा कोणता?

प्रवास, ऑफिस किंवा घरात वर्दळ असेल, तर एम५०एक्स. दिवसाचे पाच-सहा तास एडिटिंग, गेमिंग करत असाल आणि इक्वलायझर वापरायची तयारी असेल, तर डीटी ९९० प्रो. शांत खोली आहे आणि ऐकण्यात गायकीच जास्त आहे, तर एचडी ६००. वाद्यांचे बारकावे आणि खोल बास हवा, रोज तासभरच ऐकायचं आहे आणि वजन चालतंय, तर सुंदरा.

दोघांत मन अडकलं, तर जो तासाभरानंतर डोक्यावर आहे हे विसरायला होतं, तो घ्या. कारण आवाजात १९-२० चा फरक असेल, पण कपाटात पडलेल्या हेडफोनचा आवाज शून्य असतो.