बुडालेल्या हॉटेलातलं विद्यापीठ

श्रूजबरीहून निघालेली गाडी दोनेक तासांत ॲबरिस्टविथला पोचते आणि तिथेच संपते. पुढे समुद्रच. वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे गाव पंधरा हजारांच्या आतबाहेर वस्तीचं. पण इथे विद्यापीठ आहे आणि वेल्सचं राष्ट्रीय ग्रंथालयही. एवढ्याशा गावाच्या पदरात हे सगळं पडलं कसं, याचं उत्तर समुद्रासमोरच उभं आहे.

किल्ल्याच्या पडक्या भिंतींना लागून असलेली दगडी इमारत म्हणजे ओल्ड कॉलेज. रेल्वे कंत्राटदार थॉमस सॅव्हिन याने ती हॉटेल म्हणून बांधायला घेतली. रेल्वे आली की पाहुणे येतील, असा त्याचा हिशेब. १८६६ मध्ये त्याचं दिवाळं निघालं आणि पुढच्याच वर्षी ती वास्तू दहा हजार पौंडांत, म्हणजे खर्चाच्या मानाने मातीमोल, विकली गेली. घेणाऱ्यांना वेल्ससाठी कॉलेज काढायचं होतं. १८७२ मध्ये अवघ्या २६ विद्यार्थ्यांवर ते सुरू झालं. पहिली दहा वर्षं सरकारी अनुदान नव्हतं; चॅपेलांमधून सामान्य माणसांनी दिलेल्या वर्गणीवर ते तगलं. कर्मवीर भाऊराव पाटलांचा मुष्टिफंड ठाऊक असलेल्या मराठी माणसाला ही गोष्ट परकी वाटणार नाही.

समुद्राकडच्या टोकाला मान वर करून पाहावं. वास्तुविशारद वॉयसी याचं रंगीत मोझेक तिथे आहे : आधुनिक विज्ञानाची चिन्हं स्वीकारणारा आर्किमिडीज. त्या चिन्हांत एक जहाज आहे आणि एक आगगाडी. सॅव्हिनला भोवली तीच आगगाडी कॉलेजच्या भिंतीवर मानाने विराजमान आहे!

इथून किनाऱ्याच्या फरसबंदीवरून उत्तरेला चालत सुटावं. वाट कॉन्स्टिट्यूशन हिलच्या पायथ्याशी संपते. तिथल्या लोखंडी कठड्याला पायाने ठोकर मारून मागे फिरायचं, ही विद्यार्थ्यांची जुनी रीत. पाहुण्यांनाही माफ आहे. चढ नको असेल तर १८९६ पासूनची केबल रेल्वे टेकडीवर नेते. पूर्वी ती पाण्याच्या वजनावर चाले : वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरलं की तो खाली येई आणि खालचा वर ओढला जाई. हिवाळ्यात गेलात तर सूर्यास्ताआधी पिअर गाठा. हजारो स्टार्लिंग पक्षी आभाळात घिरट्या घालतात आणि पिअरखाली मुक्कामाला उतरतात.

दुसरा दिवस पेंग्लाइस टेकडीवरच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी राखावा. ब्रिटनमध्ये प्रकाशित होणाऱ्या पुस्तकांची प्रत मागण्याचा कायदेशीर हक्क त्याला आहे, आणि वेल्श भाषेची जुनी हस्तलिखितं इथे जपलेली आहेत. मात्र भाषा कपाटात बंद राहिलेली नाही. २ फेब्रुवारी १९६३ रोजी याच गावातल्या ट्रेवेखन पुलावर तरुणांनी वाहतूक अडवली. सरकारी कामात वेल्शला स्थान द्या, ही मागणी. आज रस्त्यावरच्या पाट्या दोन्ही भाषांत आहेत. समुद्रकिनारे इतरत्रही आहेत. वर्गणीने आणि हट्टाने उभं राहिलेलं गाव पाहायला मात्र इथेच यावं.